न लागलेली किक

माझ्या मुलीने चौथीत असताना वर्गातल्या एका मुलाच्या दंडाला चावा घेतला. शाळेने मला बोलावून घेतलं. मी मोजणी खात्यात नोकरीला आहे. बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जाताना मी पुष्कळदा पाहिलं आहे, पण तिथे निदान वाद कशाचा आहे ते अर्जात लिहिलेलं असतं. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, तो हसला. कशाला हसला, ते तिला माहीत नव्हतं.

त्या वर्षातला तो तिसरा चावा होता. नवरा पुण्याला नोकरीला आहे, शनिवारी येतो. त्याला फोनवर सांगितलं तेव्हा त्याने थोडा विचार केला आणि त्याच्या घराण्यात असं कोणी नव्हतं, एवढी माहिती दिली.

उपाय सुचवला तो शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनी. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. आमच्या भागातली पंधरा-सोळा मुलं त्यांच्या व्हॅनमधून शाळेत जातात. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, जाड भिंगाचा चष्मा. चाव्याची बातमी त्यांना शाळेच्या आधी कळली होती, कारण ज्याला चावली तो मुलगाही त्यांच्याच व्हॅनमध्ये होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी थांबून ते म्हणाले, "ताई, तिला संध्याकाळी माझ्याकडे पाठवा. चावण्यापेक्षा बरं काहीतरी शिकवतो."

ते कराटे शिकवतात हे मला तेव्हा कळलं. मी त्यांच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. काही फरक पडला नाही.

क्लास आमच्या कॉलनीच्या समाजमंदिरात भरायचा. समाजमंदिर म्हणजे एक मोठी खोली, वर पत्रा, कोपऱ्यात कपाट. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी साडेपाच ते सात कराटे. त्याआधी दुपारी चारपासून तिथे ज्येष्ठ नागरिक संघ बसलेला असे. साडेपाचला संघाने उठावं असं ठरलं होतं, पण संघ उठत नसे. खुर्च्या मागच्या भिंतीला लावून सात-आठ म्हातारी माणसं कराटे बघत बसत. पहिल्या वर्षी सरांनी, म्हणजे व्हॅनवाल्या काकांनी, विनंती करून पाहिली. मग त्यांनी त्यांना कामं वाटून दिली. एक निवृत्त मुख्याध्यापिका हजेरी घ्यायच्या. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक आजोबा वेळ लावायचे. त्यांच्याकडे जुनी शिट्टी होती, आणि ती वाजली की मुलंच काय, मागच्या खुर्च्यांवरची माणसंही जागी होत.

मुलगी पहिल्या दिवशी घरी आली आणि म्हणाली, आज चपला लावल्या. दुसऱ्या दिवशीही चपला लावल्या. सरांचा नियम होता की आत यायच्या आधी सगळ्यांच्या चपला एका रेषेत लागल्या पाहिजेत, आजी-आजोबांच्यासुद्धा. पहिले दोन महिने तिला चपला लावणं, वाकून नमस्कार करणं आणि न लागता पडणं एवढंच शिकवलं. मी विचारलं तर सर म्हणाले, ती नीट पडायला लागली की मारायला शिकवतो. व्हॅनमध्ये ती त्यांना काका म्हणायची आणि समाजमंदिरात सर. ही गल्लत तिच्याकडून एकदाही झाली नाही. चावणं बंद झालं. केव्हा झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. शाळेतून फोन येईनात, एवढंच.

दोन वर्षं अशी गेली. ती सहावीत असताना, पावसाळ्यात, नाशिकलाच जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या. तिच्या वजनी गटात ती फायनलला पोचली, हे आम्हा सगळ्यांनाच अनपेक्षित होतं. समोर देवळा गावची एक मुलगी होती. सावळी, काटक, ड्रेस दोन मापं मोठा, बाह्या दुमडून वर सेफ्टी पिना लावलेल्या. दोघी एकमेकींना चांगल्याच ओळखत असल्यासारख्या खेळत होत्या. शेवटचे काही सेकंद राहिले तेव्हा दोन-दोन अशी बरोबरी होती. मग माझ्या मुलीने डोक्याच्या उंचीची किक मारली. देवळ्याची मुलगी मागे सरकली, तिचा पाय मॅटवरून घसरला आणि ती पडली. पंचांचे झेंडे वर गेले. तीन पॉइंट. लढत संपली.

मी ओरडले. मी ओरडणारी बाई नाही, कचेरीतही माझा आवाज कोणी चढलेला ऐकलेला नाही, पण त्या दिवशी मी उभी राहून ओरडले आणि शेजारच्या अनोळखी बाईंना मिठी मारली. मेडल गळ्यात घातलेला फोटो पाच मिनिटांत सासरच्या आणि माहेरच्या दोन्ही ग्रुपवर गेला. वणीच्या सासूबाईंनी देवीला नारळ फोडायला सांगितल्याचं संध्याकाळी कळवलं.

ज्येष्ठ नागरिक संघाने सत्कार केला. संघाकडे पंच्याहत्तरी झालेल्या सभासदांसाठी आणलेल्या शाली शिल्लक होत्या, त्यातली एक तिला पांघरली. ती शालीत पूर्ण दिसेनाशी झाली. मुख्याध्यापिका बाईंनी चार शब्द सांगितले, ते चारशे झाले. सर बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते. मुलगी खाली बघत होती. मला वाटलं, लाजली.

त्यानंतरच्या आठवड्यापासून ती क्लास संपल्यावर मागे थांबायला लागली. मुलांनी पाळीपाळीने मॅट पुसायचे असा नियम होता. ती रोजच पुसायची, पाळी कोणाचीही असो. मी नवऱ्याला सांगितलं, बघा, कशी शिस्त लागली. तिची भूक कमी झाली तेव्हा मी जंताचं औषध दिलं. मेडल भिंतीवरच्या खिळ्याला लावलं होतं, ते एके दिवशी कपाटात गेलं. विचारलं तर म्हणाली, धूळ बसते.

तीन आठवड्यांनी एका रविवारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. ती देठ आणि पानं एकत्रच टाकत होती, म्हणून मी तिला बोलले. तेव्हा ती म्हणाली, "ती किक लागलीच नव्हती."

मला आधी कळलंच नाही कुठली किक. मग तिने सांगितलं. तिचा पाय त्या मुलीच्या तोंडासमोरून हवेतून गेला होता. ती मुलगी घाबरून मागे सरकली आणि घसरून पडली. पंच मागच्या बाजूला होते, त्यांना लागल्यासारखं दिसलं. पडलेल्या मुलीने वर बघितलं, माझ्या मुलीने तिच्याकडे बघितलं, आणि दोघींनाही माहीत होतं.

यावर मी जे बोलले ते मला अजून पाठ आहे. मी म्हणाले, "पंचांनी दिलं ना? मग झालं तर."

माझं बोलणं अगदीच निराधार नव्हतं. कचेरीत मी रोज लोकांना हेच सांगते. मोजणी झाली, खुणा रोवल्या, सह्या झाल्या की हद्द ठरली. मान्य नसेल तर अपील करा, मुदत अमुक दिवसांची. त्या मुलीने अपील केलं नव्हतं. हेही मी बोलून दाखवलं. मुलीने ऐकून घेतलं आणि उरलेली मेथी अगदी नीट निवडली. रात्री ती जेवली नाही आणि मीही फारशी जेवले नाही, पण त्याचा त्या गोष्टीशी संबंध आहे असं मी कबूल केलं नाही.

सोमवारी मी सरांना गाठायला क्लासच्या आधी समाजमंदिरात गेले. जाताना मनात राग होता, आणि तो सरांवर होता. ते त्या दिवशी मॅटच्या कडेलाच, कोचच्या खुर्चीवर बसलेले होते. त्यांना दिसलं नसेल हे शक्य नव्हतं. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं का. ते म्हणाले, हो. मग तिथल्या तिथे का बोलला नाहीत, एवढ्याशा पोरीला तीन आठवडे झुरत का ठेवलं, असं मी बरंच काही बोलले. सर चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले.

"ताई, ती स्वतः सांगेल म्हणून थांबलोय, असं मी मनाला समजावत होतो," ते म्हणाले. "पण खरं सांगू का? मला ते मेडल हवं होतं. आठ वर्षं क्लास चालवतोय. एक सोनेरी मेडल नव्हतं माझ्या क्लासला."

मी भांडायची तयारी करून गेले होते आणि ती सगळी वाया गेली. समोरचा माणूस कबूल करून मोकळा झाला की पुढे काय बोलायचं, याचा मला अनुभव नाही. आमच्याकडे कोणी कबूल करत नाही. मग मीही त्यांना मेथीच्या वेळी काय बोलले ते सांगितलं. सर वाकून संघाच्या चपला रेषेत लावायला लागले, आणि मीही दोन-चार लावल्या.

मुलं आली. नमस्कार झाला. सरांनी मुलीला जवळ बोलावून हळूच काहीतरी विचारलं. नंतर तिने मला सांगितलं, की तुला इथे बोलायचं आहे का, नसेल तर नको, एवढंच त्यांनी विचारलं होतं. ती रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि तिने सरळ सांगून टाकलं. किक लागली नव्हती. मला माहीत होतं. मी बोलले नाही. तिचा आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत गेला नाही, म्हणून मुख्याध्यापिका बाईंनी मोठ्याने बोल म्हणून सांगितलं, आणि तिला ते सगळं पुन्हा एकदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना ती रडली.

सर तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. मुलांकडे बघून म्हणाले, "मलाही माहीत होतं. मीही बोललो नाही. मी मोठा आहे, त्यामुळे माझी चूक मोठी."

मागच्या खुर्च्यांवरून एक आजी उठल्या, त्यांच्या पिशवीतल्या बाटलीतलं पाणी मुलीला दिलं, मग विचार करून सरांनाही दिलं. सर ते प्यायले. मग शिट्टी वाजली आणि रोजचा व्यायाम सुरू झाला. क्लास संपल्यावर सर आणि मुलगी दोघांनी मिळून मॅट पुसले. बाकीची मुलंही फडकी शोधायला लागली, पण कपाटात फडकी दोनच होती.

सरांनी स्पर्धेच्या आयोजकांना पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, की निकाल अंतिम असून प्रमाणपत्रं छापून झाली आहेत. हे उत्तर मीसुद्धा असंच लिहिलं असतं. मग सरांनी देवळ्याच्या कोचला फोन करून त्या मुलीच्या घरचा पत्ता घेतला आणि मेडल तिलाच नेऊन द्यायचं ठरलं. नवरा शनिवारी आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, असं कोणी करतं का. मी म्हटलं, मलाही तसंच वाटतं, पण उद्या सकाळची बस आहे.

बस ठरवली होती कंडक्टर आजोबांनी. देवळ्याच्या रस्त्यावर त्यांची अकरा वर्षं गेली होती आणि आम्हाला चुकीच्या गाडीत बसू देणं त्यांना मंजूर नव्हतं. रविवारी सकाळी सर, आजोबा, मुलगी आणि मी असे चौघं निघालो. सरांनी सवयीने ग्लोव्हज आणि गार्डची पिशवी बरोबर घेतली होती. मुलीने मेडल रुमालात गुंडाळून दप्तरात ठेवलं होतं. पिंपळगाव गेलं, चांदवड गेलं. आजोबांनी प्रत्येक थांब्याचं नाव गाडी थांबायच्या आधी सांगितलं. चालू कंडक्टरने तीनदा वळून पाहिलं आणि मग स्वतः नाव घेणं सोडून दिलं.

ते घर देवळ्याच्या बाहेर, मळ्यात होतं. घराशेजारी कांदा साठवायची चाळ. चाळीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीवर कांदा ओतलेला आणि तीन-चार बायका खराब कांदा वेगळा काढत बसलेल्या. ती मुलगीही त्यांच्यात होती. तिने आम्हाला पाहिलं आणि हातातला कांदा तसाच धरून उभी राहिली. तिची आई पदराला हात पुसत पुढे आली. आमच्या एकंदर अवताराकडे, म्हणजे पिशवी धरलेले सर, शिट्टी गळ्यात घातलेले आजोबा आणि मी, यांच्याकडे बघून तिला आम्ही सरकारी माणसं वाटलो असू. माझ्या बाबतीत ते खरंही होतं. तिने मुलीला अहिराणीत सांगितलं, "पानी लई ये."

पाणी पिऊन झाल्यावर माझ्या मुलीने दप्तर उघडलं, रुमाल सोडला आणि मेडल पुढे केलं.

"हाई काय शे?" आईने विचारलं.

माझ्या मुलीने सांगितलं. या वेळी ती रडली नाही. आईने आपल्या मुलीकडे पाहिलं. तेव्हा ती मुलगी म्हणाली, की तिने त्याच दिवशी तिच्या सरांना सांगितलं होतं, पण ते म्हणाले पंचाला उलट बोलायचं नसतं. घरी सांगितलं तेव्हा घरच्यांना वाटलं, हरल्यावर सगळेच असं म्हणतात. हे ऐकून आईने मान खाली घातली. मग ती माझ्याजवळ येऊन बसली आणि चहाला साखर किती ते विचारलं. मला वाटतं, तिला दुसरं काही विचारायचं होतं.

देवळ्याच्या मुलीने मेडल हातात घेतलं नाही. ती ते बघत राहिली. मग म्हणाली, "असं नको. परत खेळू."

बायकांनी कांदा एका बाजूला ओढला. ताडपत्री झाडून पसरली. सरांनी पिशवीतून ग्लोव्हज आणि डोक्याचे गार्ड काढले. पंच सरच होणार हे उघड होतं, पण ते आमच्या बाजूचे. यावर आजोबांनी तोडगा काढला: वेळ ते बघतील आणि सरांवर लक्षही ठेवतील. आजोबांची शिट्टी वाजली तेव्हा चाळीमागून दोन कुत्री पळाली.

माझी मुलगी हरली. थोडीथोडकी नाही, सहा-एक अशी हरली. ती मुलगी ताडपत्रीवर घसरली नाही. तिला तिची सवय असावी. शेवटच्या किकचा आवाज शेडभर झाला. ती लागली की नाही, याबद्दल कोणाच्याही मनात शंका राहिली नाही. सरांनी देवळ्याच्या मुलीचा हात वर केला. मी टाळ्या वाजवल्या, आणि त्या जोरात वाजवल्या. मला त्या वेळी काय वाटत होतं ते मी खूपदा आठवून पाहिलं आहे. पोर हरल्याचं वाईट वाटत होतं आणि त्या मेथीच्या रविवारनंतर पहिल्यांदा मला सपाटून भूक लागली होती.

मग देवळ्याच्या मुलीने मेडल घेतलं. आता माझ्या मुलीला रुपेरी द्यायचं म्हणून ती आत गेली, बाहेर आली, आईला काहीतरी विचारलं, आणि गोठ्याकडे गेली. पोळ्याला वासराला सजवताना घरच्यांनी ते मेडल त्याच्या गळ्यात बांधलं होतं आणि ते तिथेच राहिलं होतं. वासरू मेडल देईना. मान हलवून पुढे पळालं की दोघी मागे. शेवटी माझी मुलगी म्हणाली, राहू दे, त्याला छान दिसतंय. गोठ्यातून परत आल्या तेव्हा दोघींचे ड्रेस, म्हणजे साधे रोजचे कपडे, शेणाने भरले होते.

जेवण त्यांच्याकडेच झालं. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, कांदा अर्थातच. निघताना आईने दहा किलोची गोणी पुढे केली. आम्ही नको म्हणालो, त्याचा काही उपयोग झाला नाही. ती सरांनी उचलली, खांद्यावर घेतली आणि ते बसस्टॉपपर्यंत न थांबता चालत गेले. ते कराटे शिकवतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं.

सोमवारी मुलीने सत्काराची शाल घडी करून संघाला परत नेली. संघाची बैठक झाली. शाल परत घेण्याची नियमात तरतूद नाही, असं ठरलं. दोन्ही ग्रुपवर मी एक ओळ लिहिली, की मेडल जिचं होतं तिला दिलं. अकरा जणांनी अंगठा दाखवला, एका मामेसासऱ्यांनी चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. नवऱ्याने पुण्याच्या कचेरीत ही हकिगत सांगितल्याचं मला पुढे त्याच्या सहकाऱ्याकडून कळलं. त्यात कल्पना नवऱ्याची होती.

मुलगी आता नववीत आहे. ती आदर्श वगैरे झालेली नाही. गेल्या महिन्यात गणिताचे मार्क तिने माझ्यापासून चार दिवस लपवले आणि पाचव्या दिवशी सांगितले. पूर्वी तिने ते सांगितलेच नसते, असं मी समजते. क्लासला त्यानंतर एक सोनेरी मेडल मिळालं, दुसऱ्याच एका मुलाने मिळवलं. त्या मुलाला सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, लागली का. तो म्हणाला, लागली. मग टाळ्या झाल्या.

देवळ्याची मुलगी सुट्टीत आमच्याकडे येऊन राहते आणि सरांकडे सराव करते. समाजमंदिराबाहेर तीही त्यांना काका म्हणते. दोघी रोज उशीवरून भांडतात. भांडण अहिराणीत चालतं, माझी मुलगी ती चांगलीच शिकली आहे, आणि मला त्यातलं निम्मंच कळतं. काल मी विचारलं की चूक कोणाची होती. दोघींनी एकदम हात वर केला आणि मग चूक कोणाची यावरून पुन्हा भांडायला लागल्या.